पेवातला लंबक

लातुरात रविवारी सुट्टी असते असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा ट्यूशन एरियात येऊन बघावं. दिवस उगवायच्या आत पोरं-पोरी वह्या छातीशी धरून पळत असतात, चौकाचौकात गुणवंतांच्या फोटोंचे फलक, अन् दर फलकाखाली चहा-पोह्यांची गाडी. अशा गावात जीवशास्त्र शिकवणाऱ्या राजकन्या मॅडमनी एका रविवारी दांडी मारली. तीही सीईटी तोंडावर आलेली असताना. क्लासच्या मालकाचं तोंड वाकडं झालं, होऊ द्या. बाईला येळग्याला जाऊन आपल्या बापाला घेऊन यायचं होतं, आणि ते काम आता पुढं ढकलण्यासारखं राहिलं नव्हतं.

तसं साधंच काम. पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या, एक नवं धोतर, डब्यात धपाटे. घरातली मागची खोली तिनं रिकामी करून ठेवली होती, खिडकीला जाळी बसवली होती. नवरा नांदेडला रेल्वेत, आठवड्याला यायचा, तोच म्हणाला होता, "आता आण त्यांना. उगं जिवाला घोर नको." कारण महिन्यापूर्वी म्हातारा भूकंपात पडलेल्या जुन्या गावात बेशुद्ध सापडला होता. शेळ्या राखणाऱ्या एका बाईला दिसला म्हणून निभावलं. शेजारच्या कावेरीबाईनं फोनवर राजकन्याला स्पष्ट सांगितलं, "लेकी, आवंदा गुरुजी पेवाच्या तोंडाशी घावले. पुढच्या बारीला तळाशी घावतील. न्यायचं तर आत्ताच ने."

पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, अन् आत पोट एका खोलीएवढं. आता आठ पायली ज्वारी प्लास्टिकच्या पिंपात ठेवतात, पेवं कोण वापरतो? पण वीरण्णा गुरुजींच्या पेवात ज्वारी नव्हतीच. त्यांच्या पेवात त्यांचं यंत्र होतं.

हे वीरण्णा गुरुजी म्हणजे एक अजब असामी बरं का. येळग्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. सकाळी कपाळाला भस्माची तीन बोटं ओढून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन, त्याच्याकडे टक लावून बसायचे. अन् तासाभरानं वर्गात येऊन विजेचा मीटर उघडून दाखवायचे. ह्या दोन गोष्टींत त्यांना कधीच भांडण दिसलं नाही. पोरांना म्हणायचे, "सफरचंदवाला तो इंग्रज तुम्हाला ठाऊक हाय. पण त्यानं जग कवा बुडणार त्येचा हिशेब करण्यात किती वर्षं घातली, ते कुणी सांगितलं का? ग्रहांच्या वाटा शोधणारा जर्मन पोटासाठी कुंडल्या मांडायचा, अन् त्येच्या आईला लोकांनी चेटकीण म्हणून साखळीला बांधलं होतं. आपल्या उज्जैनीकडच्या ज्योतिषानं भूकंपाच्या आधी ढग कसे दिसतात ते लिहून ठिवलंय. येडे न्हवते रे हे लोक. दोन दारांच्या मधल्या उंबऱ्यावर बसलेले होते." मागं राजकन्यानंच त्यांना लातूरच्या क्लासात चिकटवून दिलं होतं. वर्षभर टिकले नाहीत. मालक म्हणाला, गुरुजी, चार पर्यायांतला एक निवडायचा असतो, उंबरा-बिंबरा पेपरात येत नसतो. पोरांनी त्यांना 'भूकंप सर' नाव ठेवलं. ते हसले अन् येळग्याला परत गेले.

नाव पोरांनी थट्टेनं ठेवलं, पण त्याच्यामागं जे होतं ते थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, राजकन्यालाही ठाऊक होतं.

भूकंपाच्या आदल्या वर्षापासूनच ती जमीन गुरगुरत होती. भांडी वाजायची, कौलं सरकायची, लोक अंगणात झोपायचे. गुरुजींच्या डोक्यानं घेतलं की आपण लंबक करायचा आणि ही धडधड मोजायची. लंबकाला वजन पाहिजे. शिसं लावून पाहिलं, लोखंड लावून पाहिलं, मनासारखं होईना. मग त्यांना आपलाच एक विचार सुचला. ज्या वस्तूवर माणसानं वर्षानुवर्षं, सकाळ-संध्याकाळ नजर स्थिर केली, त्या वस्तूत स्थिरपणा मुरला पाहिजे. अशी वस्तू घरात होती. बायकोचं, शिवकांताबाईंचं इष्टलिंग.

आता लिंगायताच्या गळ्यातलं इष्टलिंग म्हणजे काय, ते लिंगायतालाच विचारावं. पाळण्यात बांधतात, ते थेट माणूस मेल्यावर तळहातावर ठेवून, त्याला बसता करून, त्याच्यासकट मातीत ठेवतात. मधल्या आयुष्यात ते अंगावेगळं होत नाही. गुरुजींचं स्वतःचं होतं की, पण म्हणे स्वतःच्या नजरेवर त्यांचा भरवसा नव्हता. बायकोची एकाग्रता त्यांनी पाहिलेली होती. गणपती बुडवून आले त्या रात्री त्यांनी बायकोला मागितलं. एका रात्रीपुरतं दे. ती म्हणाली, "जीव मागा, हे नगा मागू." पण नवऱ्याचा हट्ट. शेवटी चांदीच्या डबीतून काढून तिनं ते त्यांच्या हातावर ठेवलं, अन् उघड्या गळ्यानं आत जाऊन झोपली. गुरुजी शाळेच्या पटांगणात लंबक टांगून बसले. पहाटेच्या आधी जे झालं ते सगळ्या मुलखानं बघितलंय. घर बसलं, पेवाच्या बाजूची जमीन फाटली, आणि शिवकांताबाई सापडल्याच नाहीत. जवानांनी दोन दिवस उपसलं. गुरुजी हातात ते घेऊन ढिगाऱ्यापुढं उभे होते अन् येईल त्याला रडत सांगत होते, म्या मागून घेतलं, म्या मागून घेतलं. राजकन्या तेव्हा अकरावीला लातुरात होस्टेलवर होती. म्हणून वाचली.

फाट्यावर उतरून ती नव्या येळग्यात आली तेव्हा दुपार चांगलीच तापली होती. नवं गाव माळावर, सगळी घरं एका मापाची, सिमेंटची. कावेरीबाई ओट्यावर डाळ निवडत बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी बोटांना खडा बरोबर लागायचा. शिवकांताबाईची ही जिवाभावाची मैत्रीण. राजकन्या तिला मावशी म्हणायची.

"आलीस व्हय? तुजा बाप न्हाई घरात. खाली गेलाय. सकाळपासून जेवलाबी न्हाई."

"मावशी, तू कशाला जाऊ देतीस गं त्यांना?"

"म्या बांधून ठिवू का? अन् ऐक. त्येला दोष नको दिऊस लई. त्यो एकटाच नसतो तिथं." कावेरीबाईनं सूप झटकलं. "जा, पण उन्हं उतरायच्या आत वर या दोघं."

जुनं येळगा तिथून हाकेच्या अंतरावर, उतारावर. राजकन्या लहानपणी जिथं पळाली होती तिथं आता काळ्या दगडांच्या राशी आणि वेड्या बाभळी. कुठं नुसती चौकट उभी, कडीकोयंड्यासकट. कुठं उखळ. उन्हानं दगड असे तापले होते की हात लावायची सोय नाही. ती चालत राहिली, अन् अर्ध्या वाटेत तिच्या ध्यानात आलं की आपल्याला आपल्याच चपलांचा आवाज तेवढा येतोय. बाभळीत चिमणी नाही, होला नाही. लांब माळावर ट्रॅक्टर चालला होता तो दिसत होता, पण त्याचा आवाज इथवर पोचत नव्हता. तिला परत फिरावंसं वाटलं. मग बापाची आठवण झाली अन् ती स्वतःवरच चिडली. जीवशास्त्र शिकवतेस की काय करतेस, असं स्वतःला म्हणत ती पुढं गेली.

त्यांच्या घराची जागा आता नुसतं मोकळं अंगण होतं. मधोमध पेवाचं तोंड, त्यावर तीन वाशांची तिकाटणी, तिकाटणीला कप्पी, अन् कप्पीतून खाली गेलेली बारीक पोलादी तार. बाजूला वीरण्णा गुरुजी मांडी घालून बसले होते. डोईवर पंचा. बरगड्या मोजून घ्याव्यात इतके वाळलेले. पण चेहरा बघाल तर लग्नघरातल्या यजमानासारखा प्रसन्न.

"आलीस?" ते हळू आवाजात म्हणाले. "बस. मोठ्यानं बोलू नगस. सुई चालू हाय."

"अप्पा, उठा. मी तुम्हाला न्यायला आले."

"येतो की. कोण न्हाई म्हणतंय? पण आधी बघून घे. तू शिकलेली हाईस. मला येडं म्हणायच्या आधी बघ तरी."

राजकन्या बसली. काय करणार? म्हाताऱ्या माणसाला ओढत नेता येत नाही. गुरुजींनी कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि पेवात सोडला. पेवात उतरायच्या आधी असा दिवा सोडायची जुनी रीत आहे. आतली हवा कुंद असली तर दिवा विझतो, मग उतरायचं नाही. दिवा विझला नाही. खाली जाता जाता मातीच्या भिंती पिवळ्या झाल्या, अन् वर एक वास आला. कुजक्या कडब्याचा, आंबूस, अन् त्याच्यात मिसळलेला दुसरा. भस्माचा.

तळाला विटांवर एक काच ठेवलेली होती, काजळी धरलेली. तारेच्या टोकाला चांदीच्या आकड्यात ते काळं, वाटोळं इष्टलिंग, अन् त्याच्या खाली सुई, काचेला टेकलेली. म्हणजे जमीन हलली की सुई काजळीत रेघ ओढणार. एवढं राजकन्याला कळलं. दहावीच्या पोरालाही कळावं.

"आता ही जुनी काच बघ," गुरुजींनी फडक्यात गुंडाळलेली एक काच काढून तिच्यापुढं धरली. "गेल्या साली हे सुरू झालं. आधी वाटलं सुई झिजली. सुई बदलली. मग वाटलं किडा-मुंगी चालत असंल. म्हणून सगळीकडून राख टाकली. तरी हेच."

काजळीवर तीन आडव्या रेघा होत्या. एकाखाली एक, सरळ. सुईची रेघ केसाएवढी असते. ह्या रेघा बोटाएवढ्या जाड होत्या, अन् उजवीकडं जाता जाता जराशा फिक्या झालेल्या. भस्माचा पट्टा कपाळावर ओढताना होतात तशा.

राजकन्यानं काच खाली ठेवली.

"अप्पा... तुम्हीच ओढलं असंल. लक्षात नसंल तुमच्या."

"मलाबी तेच वाटलं," गुरुजी मान हलवून म्हणाले. "शास्त्रात आधी आपल्यावरच संशय घ्यायचा. म्हणून म्या दोन दिवस खाली उतरलोच न्हाई. शिडीच काढून ठिवली. तिसऱ्या दिवशी काच वर घेतली, तर हेच. सकाळच्या पूजेच्या वक्ताला एकदा. दिवेलागणीला एकदा." मग ते तिच्याकडं सरकले. "आता तार बघ. ह्या खुणेवर म्या ती रोज घट्ट बांधतो. अन् रोज ती खाली उतरलेली असती. आधी वाटलं उन्हानं वाढती. पण उन्हानं वाढलेली तार थंडीत आखडायला पाहिजे का नको? आखडत न्हाई. मी वर ओढतो, ती... खाली ओढती."

"कोण ती?"

गुरुजींनी तिचा हात धरला अन् तारेवर ठेवला.

तार तापलेली असायला हवी होती. ती गार होती. राजकन्यानं बोटं मिटली आणि वाट बघितली. काही नाही. ती हात काढणार, एवढ्यात तारेला हिसका बसला. जोराचा नव्हे. बाजारात पोर आईचा पदर धरून ओढतं ना, "चल ना" म्हणत, तेवढाच. थांबून पुन्हा एकदा. मग पुन्हा. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. कित्येक वर्षं मागून मागून थकलेल्या माणसाचा तो हिसका होता, अन् राजकन्यानं तो ओळखला. भीती वाटली, खोटं कशाला सांगा. पण भीतीच्या आधी तिला आई आठवली.

"ती मागायलीय, अप्पा," ती कुजबुजली. "तिचं ती परत मागायलीय."

"व्हय."

"मग... देऊन टाका की!"

गुरुजींच्या तोंडावरचं ते प्रसन्न हसू गेलं. त्यांनी कप्पीवरचा आपला हात घट्ट केला.

"दिलं की जाईल ती."

"जाऊ द्या ना! अडकलीय ती इथं. तुम्ही अडकवून ठेवलीय!"

"लई वर्षं काहीच नव्हतं, राजा," म्हातारा म्हणाला, अन् आवाज फुटला त्याचा. "नुसता लंबक. रोज येऊन बसायचो. काच कोरी. गाव थुंकायचं माझ्यावर. मग एक दिवस हिसका आला. मला कळलं, हीच. वीस वर्षं संसार केला, तिचा हात न्हाई का ओळखणार? आता सकाळी ओढती, सांजेला ओढती. मी म्हणतो थांब, अजून एक दिवस. तेवढ्यावर जगायलोय. दिलं तर... पुन्हा काच कोरी. पुन्हा मी एकटा. असं करू नगस."

राजकन्याला तेव्हा सगळं लख्ख समजलं. हा माणूस ज्ञानासाठी इथं बसलेला नव्हता, प्रायश्चित्तासाठीही नव्हता. बायकोला सोडवेना म्हणून बसला होता. अन् एक दिवस हिसक्यामागं स्वतः खाली जाणार होता, हेही समजलं. आई सुटल्याशिवाय बाप सुटणार नव्हता. आईचं आईला पोचलं की ती निघून जाईल, अन् अप्पा माझ्या घरी येतील, मागच्या खोलीत, जाळीच्या खिडकीशी. इतका सरळ हिशेब होता.

बाजूला अवजारांच्या डब्यात पक्कड होती. गुरुजी डोळे पुसत होते. राजकन्यानं पक्कड उचलली, तार दोन्ही पात्यांमध्ये धरली अन् सगळा जोर लावून दाबली.

"राजा! नको—"

तार तुटली. वरचा तुकडा सपकन कप्पीतून उडाला, तिच्या मनगटावर लाल वळ उठवून गेला. खालचा तुकडा पेवात गेला.

ती कान देऊन बसली. आता काच फुटेल. विटेवर दगड आपटेल, तार खणखणेल. तिनं श्वास धरून ठेवला. गुरुजींनीही.

काही आवाज आला नाही.

कंदील अजून खाली लोंबत होता. त्याची ज्योत वर जायची ती आडवी झाली, मग खाली वाकली, जणू तळाशी कुणी दीर्घ श्वास आत ओढून घेत होतं. मग पेवाच्या तोंडातून गार हवेचा एक झोत वर आला, राजकन्याच्या कपाळावरचे केस हलवून गेला, आणि ज्योत पुन्हा सरळ झाली. तिनं कसंबसं वाकून आत पाहिलं. विटांवर काच तशीच होती, अखंड. काजळी तशीच होती. काचेवर इष्टलिंग नव्हतं. तारही नव्हती.

त्याच क्षणी बाभळीत होला घुमायला लागला. माळावरच्या ट्रॅक्टरची फटफट ऐकू आली. कुठंतरी शेळी ओरडली. राजकन्या ओक्साबोक्शी रडली. एवढी वर्षं न रडलेलं सगळं तेव्हा रडून घेतलं तिनं. आई सुटली गं बाई, सुटली एकदाची.

गुरुजी रडले नाहीत. बराच वेळ पेवाकडं तोंड करून बसून राहिले. राजकन्याला धाक पडला, हा आता उडी घेतो की काय. पण म्हाताऱ्यानं कंदील वर ओढला, फुंकून विझवला, पंचा झटकून खांद्यावर टाकला.

"तूच कापलीस ना?"

"हो, अप्पा."

"बरं केलंस. माझ्यानं झालं नसतं." ते उठले. गुडघे वाजले. "चल. भूक लागलीय."

एवढ्या सहज येतील असं तिला वाटलं नव्हतं. चढ चढताना तिनं त्यांचा दंड धरला, तर म्हणाले, सोड, चालतो मी. खरंच चालले. महिन्यापूर्वी बेशुद्ध पडलेला माणूस, पण वाटेवर एकदाही थांबला नाही. अधूनमधून मान वळवून गालातल्या गालात हसत होते. राजकन्याला वाटलं, ओझं उतरलं म्हणून असेल. तीही हलकी झाली होती. मागच्या खोलीत कुठला पंखा लावायचा, सकाळी त्यांना उद्यानात कुणाबरोबर धाडायचं, असं ती बोलत राहिली, अन् ते "व्हय, व्हय" म्हणत राहिले.

कावेरीबाईच्या घरी धपाटे सोडले, दह्याशी खाल्ले. नवं धोतर नेसून गुरुजी ओट्यावर जाऊन बसले. शेवटची जीप यायला थोडा वेळ होता, उन्हं अजून भिंतीवर होती. काय घडलं ते राजकन्यानं मावशीला सगळं सांगितलं. कावेरीबाई ऐकत होती. मध्ये एकदा पदर डोळ्याला लावला. मग म्हणाली, "लेकी, तू कापलीस ते पुण्याचं झालं. आता अशीच जाऊ नगस. ओटी भरते तुजी. सवाष्ण लेक हाईस, रिकाम्या ओटीनं कशी धाडू?"

पाट मांडला. सुपात तांदूळ घेतले, हळदीकुंकवाची कोयरी आणली. राजकन्या पदर पुढं धरून उभी राहिली. कावेरीबाईनं चाचपडत तिच्या कपाळाला कुंकू लावलं, पदरात पाच मुठी तांदूळ घातले, वर खोबऱ्याची वाटी ठेवली. राजकन्या वाकून पाया पडली. तिला वाटलं, झालं.

कावेरीबाई हलली नाही. तिनं सुपातून पुन्हा मूठ भरली अन् एक पाऊल डावीकडं सरकली. राजकन्याच्या शेजारी. जिथं कुणीच उभं नव्हतं.

"मावशी... काय करतीस?"

"हिची नको व्हय भरायला?" त्या पांढऱ्या झालेल्या डोळ्यांनी कावेरीबाई समोर बघत होती, अन् हसत होती. मैत्रिणीला कित्येक वर्षांनी बघावं, तशी. "सवाष्णच गेली की ती. अगं, इष्टलिंग गळ्यात नसताना लिंगायताची बाई वेशीबाहेर पाऊल टाकती का कधी? म्हणून तर बसली होती बिचारी इतकी वर्षं, त्या भोकात. आता तू तिचं तिला दिलंस..."

ओट्यावरून गुरुजी उठून आत आले होते. ते तिच्याकडं बघत नव्हते. तिच्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडं बघत होते, अन् नव्या नवरीला बघावं तसे लाजून बघत होते.

"राजा," ते हळूच म्हणाले, "त्या खोलीत पलंग एकच हाय का गं?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. कावेरीबाईनं हात पुढं केला, मूठ उघडली, अन् तांदूळ सोडले. एक मूठ. दुसरी. तिसरी. राजकन्या फरशीकडं बघत होती. फरशी स्वच्छ होती, सारवल्यासारखी. पाचही मुठी झाल्या, खोबऱ्याची वाटी गेली, अन् खाली एक दाणादेखील पडला नाही.